लाओकोऑनचा हरवलेला हात आणि रेनेसाँचे कलाकार

नीरजा_स

व्हॅटिकनच्या संग्रहालयात एक अष्टकोनी चौक आहे. सिस्टीन चॅपलकडे निघालेली गर्दी तिथून जाते, जरा थबकते, फोटो काढते आणि पुढे सरकते. गेल्या ऑक्टोबरात मी त्या चौकात पाऊण तास उभी होते. समोर लाओकोऑन होता. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते नीट लिहून काढावं म्हणून हा धागा.

गोष्ट थोडक्यात सांगते. लाओकोऑन हा ट्रॉयचा पुजारी. ग्रीकांनी वेशीबाहेर ठेवलेला लाकडी घोडा आत घेऊ नका, यात दगा आहे, असं त्याने परोपरीने सांगितलं. मग समुद्रातून दोन प्रचंड साप आले आणि त्यांनी त्याला नि त्याच्या दोन्ही मुलांना विळखा घालून मारलं. व्हर्जिलच्या ‘इनीड’ महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात हा प्रसंग आहे. संगमरवरी शिल्पात तो विळख्याचा क्षण पकडलाय. बापाचं पोट आत ओढलं गेलंय, मान मागे पडलीय, तोंड अर्धवट उघडं आहे. धाकटा मुलगा जवळजवळ गेल्यात जमा आहे. थोरला बापाकडे बघतोय आणि एका हाताने पायाचा विळखा सोडवतोय. कदाचित हा एकटा सुटेल, असं वाटत राहतं.

हे शिल्प १४ जानेवारी १५०६ रोजी सापडलं. रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर फेलिचे दे फ्रेदिस नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, तिथे जमिनीखाली. बातमी पोप ज्यूलियस दुसरा याच्या कानावर गेली. त्याने आपला वास्तुकार जुलिआनो दा सांगाल्लो याला बघायला पाठवलं. मायकेलअँजेलो तेव्हा ३० वर्षांचा होता, पोपच्या थडग्याच्या कामासाठी रोममध्ये आला होता आणि सांगाल्लोच्या घरी त्याचं सतत येणंजाणं असे. तोही बरोबर निघाला. सांगाल्लोचा लहान मुलगा फ्रांचेस्कोसुद्धा होता. या मुलाने म्हातारपणी, १५६७ साली, एका पत्रात त्या दिवसाची आठवण लिहून ठेवली, म्हणून आपल्याला हे सगळं कळतं. खड्ड्यात उतरल्याबरोबर त्याचे वडील म्हणाले, हाच तो लाओकोऑन, प्लिनीने लिहिलेला. मग मूर्ती बाहेर काढता यावी म्हणून खड्डा रुंद केला, ती डोळे भरून पाहिली आणि सगळे जेवायला घरी गेले. जेवतानाही विषय एकच, जुन्या शिल्पांचा.

मला या आठवणीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की ओळख पुस्तकातून पटली. प्लिनी हा पहिल्या शतकातला रोमन लेखक. आपल्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या खंडात त्याने लिहिलंय की सम्राट टायटसच्या वाड्यात लाओकोऑनचं शिल्प आहे, ते चित्रकलेच्या आणि कांस्यशिल्पांच्या कुठल्याही कृतीपेक्षा सरस आहे आणि ऱ्होड्स बेटाच्या हागेसांद्रोस, पॉलिदोरोस आणि अथेनोदोरोस या तिघांनी ते घडवलं. रेनेसाँचे, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय कला-प्रबोधनाचे लोक हे वाक्य वर्षानुवर्षं वाचत होते. वस्तू मात्र कुणी पाहिली नव्हती. आधी वर्णन पाठ झालं होतं आणि मग एके दिवशी मातीतून ती वस्तूच वर आली.

आता हाताबद्दल. शिल्प जवळपास पूर्ण होतं, पण बापाचा उजवा हात खांद्यापासून नव्हता. मुलांच्या हातांचेही काही भाग गेलेले होते. त्या हाताने काय केलं असेल, यावर रोममध्ये वाद सुरू झाला. १५१० च्या सुमारास ब्रामांते या वास्तुकाराने तरुण शिल्पकारांकडून मेणाच्या प्रती करवून घेतल्या. चित्रकार राफाएलने त्यांतून याकोपो सान्सोविनोची प्रत निवडली. पुढे १५३२ मध्ये मोन्तोर्सोली या शिल्पकाराने मूळ शिल्पाला आकाशाकडे ताठ उगारलेला हात बसवला. लढणाऱ्या वीराचा हात असावा तसा. मायकेलअँजेलोचं मत वेगळं होतं, हात डोक्यामागे दुमडलेला असणार असं तो म्हणे, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. पण जगाने पुढची जवळजवळ चारशे वर्षं ताठ हाताचाच लाओकोऑन पाहिला. त्याच्या प्रती झाल्या, छापचित्रं निघाली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममधल्या एका पाथरवटाच्या आवारात एका अभ्यासकाला संगमरवरी हाताचा तुकडा मिळाला. तो दुमडलेला होता. १९५७ नंतर तो मूळ शिल्पाला जोडला गेला, आणि आज आपण पाहतो तो हाच.

माझं म्हणणं एवढंच आहे. रेनेसाँवर ग्रीक-रोमन कलेचा प्रभाव पडला, हे वाक्य आपण शाळेपासून वाचतो. ते वाचताना डोळ्यासमोर येतं की एक सुंदर, पूर्ण नमुना समोर ठेवला होता आणि त्यावरून यांनी गिरवलं. तसं नव्हतं. त्यांच्या समोर तुकडे होते. बिनडोक्याची धडं, नाक उडालेले चेहरे, अर्ध्या कमानी. उरलेलं त्यांना स्वतः ठरवावं लागलं, आणि ते ठरवता ठरवता ते शिकले. हात कुठे असेल हे सांगायचं तर आधी खांदा वाचता यायला हवा. खांदा वाचायचा तर कातडीखाली काय आहे ते माहीत हवं.

चित्रकारांची स्थिती तर आणखी कठीण होती. शिल्पकाराला निदान धड मिळालं. प्राचीन ग्रीक चित्रकारांचं एकही चित्र यांच्यासमोर नव्हतं. अपेलीस हा अलेक्झांडरचा चित्रकार, प्लिनीने त्याची तोंड भरून स्तुती केलेली, पण काम शून्य उरलेलं. पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं ते १७४८ मध्ये. म्हणून फ्लॉरेन्सचा चित्रकार बोतिचेल्ली याने काय केलं? लुशियन या ग्रीक लेखकाने अपेलीसच्या ‘चहाडी’ नावाच्या चित्राचं शब्दांत वर्णन केलं होतं. ते वाचून बोतिचेल्लीने १४९५ च्या आसपास ते चित्र पुन्हा रंगवलं. मूळ चित्र नाही, मूळ चित्राची नक्कल नाही, फक्त एक परिच्छेद. फ्लॉरेन्सला उफीत्सी संग्रहालयात ते आहे. गर्दी त्याच्याच प्रसिद्ध व्हीनसच्या चित्रापुढे असते, पण मला हे चित्र जास्त हलवून गेलं.

तुमचे अनुभव, दुरुस्त्या, विरोध, सगळं येऊ द्या.


रानजाई

फार आवडला धागा. वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे, तो इथे विचारते. ख्रिस्ती धर्माचा सर्वोच्च गुरू स्वतःच्या राहत्या वाड्यात अपोलो, व्हीनस यांच्या मूर्ती कसा ठेवतो? त्यांच्या दृष्टीने ते खोटे देव होते ना? कुणी विरोध केला नाही?


पाथरवट

नीरजाताई, मी दगडात काम करतो, त्यामुळे हाताबद्दल मला बोलायलाच हवं.

तुम्ही लिहिलंय की खांदा वाचता यायला हवा. अगदी बरोबर. हात ताठ वर गेला तर खांद्याचा स्नायू एका तऱ्हेने गोळा होतो, कोपरात दुमडून डोक्यामागे गेला तर दुसऱ्या तऱ्हेने. तुटलेल्या जागेच्या खाली जे उरलंय त्यात उत्तर लिहिलेलं असतं. प्रेतं फाडून स्नायू बघितलेल्या माणसाला ते दिसणारच. मायकेलअँजेलोने फ्लॉरेन्सला सांतो स्पिरितोच्या मठात तरुणपणीच हे शिक्षण घेतलं होतं.

दुसरं म्हणजे हाताने पूर्ण शिल्पाचा अर्थ बदलतो. ताठ हात असला की डाव्या पायापासून वरच्या मुठीपर्यंत एक तिरपी रेघ जाते आणि आकाशात निघून जाते. बघणाऱ्याला वाटतं, गडी अजून झुंजतोय. हात दुमडला की ती रेघ डोक्यापाशी वळते आणि परत शरीरात येते. वेदना बाहेर जात नाही, आतच फिरत राहते. एकाच दगडाची दोन वेगळी शिल्पं.

आता सांध्यांची गोष्ट. प्लिनी म्हणतो, हे सगळं एकाच दगडातून कोरलंय. १५०६ मध्येच मायकेलअँजेलो आणि क्रिस्तोफोरो रोमानो, हे त्या वेळी रोममधले सर्वोत्तम शिल्पकार समजले जात, या दोघांनी शिल्प तपासलं आणि सांगितलं की नाही, हे तुकडे जोडून केलंय. चार सांधे त्यांनी दाखवलेसुद्धा. पण इतके बेमालूम की कसलेल्या डोळ्यालाच कळावेत. आज सात तुकडे मानतात. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. प्लिनी म्हणजे त्या लोकांना वेदवाक्य. पण दगडावर हात फिरवून दोन कारागीर म्हणाले, ग्रंथात चूक आहे. प्राचीनांचा आदर केला, पण डोळे मिटून केला नाही.

त्या शिल्पाचं मायकेलअँजेलोने पुढे काय केलं ते बघायचं असेल तर फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात त्याच्याच डेव्हिडच्या पुतळ्याकडे जाण्याआधी डाव्या-उजव्या बाजूला अर्धवट शिल्पं लागतात, त्यातला संत मॅथ्यू बघा. १५०६ मधलंच काम. दगडातून गुडघा पुढे, मान उलट दिशेला, धड तिसरीकडे. डेव्हिड १५०४ मध्ये पुरा झाला, तो शांत उभा आहे, एका पायावर भार टाकून. दोनच वर्षांत हा पीळ कुठून आला? मी तरी त्या द्राक्षमळ्यातल्या खड्ड्याकडेच बोट दाखवीन. पॅरिसला लूव्रमध्ये दोन गुलाम आहेत, १५१३ नंतरचे, त्यातल्या बंडखोर गुलामाच्या खांद्यात तोच पीळ आणखी दाबून भरलाय. साप नाहीत, एक पट्टी आहे छातीवर, बास. लाओकोऑनची नक्कल कुठेही नाही. पण लाओकोऑन पाहिला नसता तर हे झालं नसतं.

विद्यार्थी असताना आम्ही प्लास्टरच्या कास्टवरून तासन्तास ड्रॉइंग केलंय. मुंबईच्या जे. जे. मध्ये एकोणिसाव्या शतकापासून ती पद्धत होती, ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्रती समोर ठेवून मुलांचा हात बसवायचा. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ केली ती जे. जे. मध्ये शिकत असताना, १८९६ च्या सुमारास. नऊवारीच्या चुण्या बघा तिच्या. अंगाला चिकटलेलं कापड आणि खाली उतरणाऱ्या घड्या कशा दाखवायच्या, याचा अभ्यास तिथल्या कास्टवर झालेला दिसतो, आणि बाई मात्र पूर्ण मराठी आहे. रोमच्या खड्ड्यातून निघालेली गोष्ट फिरत फिरत आपल्यापर्यंत अशी पोचली.


जुनी_वही

धागा उत्तम, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो.

मातीतून अचानक प्राचीन कला वर आली आणि सगळं बदललं, असा ग्रह होऊ नये. प्राचीन शिल्पं मध्ययुगातही डोळ्यांसमोर होती. पिसाच्या बाप्तिस्मागृहातलं निकोला पिसानोचं प्रवचनपीठ १२६० चं आहे. रेनेसाँच्या दीडशे वर्षं आधीचं. त्यावर एक नग्न, पिळदार पुरुष उभा आहे. तो आहे हर्क्युलिस, पण त्याला ‘धैर्य’ या ख्रिस्ती सद्गुणाचं काम दिलंय. त्याच पीठावर येशूच्या आईचा जो चेहरा आणि बैठक आहे ती एका रोमन दगडी शवपेटीवरच्या फेद्रा राणीवरून घेतलीय. ती शवपेटी पिसातच होती. अकराव्या शतकात बेआत्रिचे नावाच्या सरदारणीला तीत पुरलं होतं. आजही तिथल्या कांपोसांतो या दफनभूमीत बघायला मिळते.

रोममध्ये मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा कांस्यपुतळा कधीच पुरला गेला नव्हता. तो पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन आहे अशी लोकांची समजूत होती, म्हणून वितळवला गेला नाही. दोनातेल्लो या शिल्पकाराने १४५३ मध्ये पादुआला गात्तामेलाता या सेनापतीचा अश्वारूढ पुतळा उभा केला तो हे सगळं पाहूनच.

मग फरक काय पडला? कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी हे नेमकं मांडलंय. मध्ययुगात जुनं रूप आणि जुनी कथा एकत्र येत नसत. रूप घेतलं तर त्यात ख्रिस्ती आशय भरायचा, हर्क्युलिसचं ‘धैर्य’ करायचं. कथा घेतली तर तिला समकालीन कपडे चढवायचे, म्हणजे ट्रॉयचे योद्धे चिलखत घातलेल्या फ्रेंच सरदारांसारखे दिसायचे. रेनेसाँमध्ये पहिल्यांदा व्हीनसची कथा व्हीनसच्या शरीरात परत आली. त्यासाठी नवा पुतळा सापडण्याची गरज नव्हती, बघण्याची नजर बदलावी लागली. तो काळ आपल्या मागे पडलाय, आपल्यात नि त्याच्यात हजार वर्षांचं अंतर आहे, ही जाणीव व्हावी लागली. अंतर कळल्याशिवाय ओढ लागत नाही.

आणखी एक. या मंडळींनी ज्याला ग्रीक समजून पूजलं ते बरंचसं रोमन काळातल्या प्रती होतं. बेल्वेदेरेचा, म्हणजे लाओकोऑन आहे त्याच व्हॅटिकनच्या चौकातला अपोलो ही रोमन काळातली प्रत मानली जाते, मूळ कांस्य शिल्प गेलं. म्हणजे तुकड्यांचीही सावली.


नीरजा_स

@जुनी_वही: दुरुस्ती पटली. ‘अचानक’ असं मी थेट म्हटलं नव्हतं, पण मांडणीतून तसं वाटतं खरं. पिसानोचं उदाहरण माझ्या डोक्यात नव्हतं. अंतर कळल्याशिवाय ओढ लागत नाही, हे तुमचं वाक्य माझ्या म्हणण्याला पूरकच आहे, कारण तुटलेला पुतळा हेच सांगतो की मधे काहीतरी तुटलंय.

@रानजाई: विरोध झाला. ज्यूलियसनंतर काही वर्षांनी आलेला पोप एड्रियन सहावा लाओकोऑनकडे बघून, या प्राचीनांच्या मूर्ती आहेत, अशा अर्थाचं तुटकपणे म्हणाला आणि त्याने बेल्वेदेरेची दारं बंद करवली असं सांगतात. पायस पाचवा याने १५६६ मध्ये बरेचसे पुतळे व्हॅटिकनमधून काढून रोमच्या नागरिकांना, म्हणजे कॅपिटोलाइन टेकडीवरच्या संग्रहाला देऊन टाकले.

पण ज्यूलियसला लाओकोऑन का हवा होता, हे व्हर्जिल वाचला की कळतं. लाओकोऑन मेला, घोडा आत गेला, ट्रॉय जळलं, ट्रॉयचा वीर ईनिअस पळाला आणि त्याच्या वंशातून रोम झालं. त्या पुजाऱ्याचा मृत्यू ही रोमच्या जन्मकथेची पहिली पायरी आहे. रोमला पुन्हा जगाची राजधानी करायला निघालेल्या पोपला याहून चांगलं शिल्प कुठलं मिळणार?

आणि कलाकारांनी तर ते शरीर सरळ ख्रिस्ताला दिलं. व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने ब्रेशाच्या चर्चसाठी १५२० ते १५२२ मध्ये जे चित्र केलं त्यात थडग्यातून वर उठणारा येशू लाओकोऑनच्या धडाचा आहे. पुढच्या शतकातला चित्रकार रुबेन्स याने रोममध्ये या शिल्पाची कितीतरी रेखाटनं केली, मग अँटवर्पला १६१० मध्ये क्रूस उभारण्याचं चित्र रंगवलं, तिथेही तेच ताणलेलं अंग. दुःख सोसणाऱ्या शरीराचा नमुना ख्रिस्ती कलेने ट्रॉयच्या पुजाऱ्याकडून घेतला.


शाईपेन

मी कुठेतरी वाचलं होतं की लाओकोऑन हे शिल्प मुळात मायकेलअँजेलोनेच बनवून पुरून ठेवलं होतं. यात तथ्य आहे का?


पाथरवट

@शाईपेन: नाही. २००५ मध्ये एका अमेरिकी विदुषींनी ते मांडलं होतं, गाजलं बरंच, पण अभ्यासकांनी स्वीकारलं नाही.

संशय का येतो ते मात्र समजण्यासारखं आहे. मायकेलअँजेलोने विशीत एक झोपलेला मदन केला होता. तो जुना भासेल असा करून एका दलालाने १४९६ मध्ये रोमच्या कार्डिनल रिआरिओला प्राचीन म्हणून २०० दुकातला (सोन्याची नाणी) विकला. शिल्पकाराच्या हातावर ३० टेकवले. कार्डिनलला फसवणूक कळली, त्याने मूर्ती परत केली, पण ज्याने ती केली त्याला रोमला बोलावून घेतलं. मायकेलअँजेलोची रोममधली सुरुवात अशी झाली. त्या काळी प्राचीनांसारखं काम करता येणं ही सगळ्यात मोठी परीक्षा होती, आणि तो पंचविशीच्या आत ती उत्तीर्ण झाला.

पण एक मदन वेगळा आणि सात तुकड्यांचा, माणसाहून उंच शिल्पसमूह वेगळा. तेवढा संगमरवर कुणाला न कळता आणणं, कोरणं, पुरणं, आणि ते सुद्धा पोपच्या थडग्याच्या कामात गुंतलेलं असताना? ज्याने कधी एक टनाचा दगड हलवलाय तो यावर विश्वास ठेवणार नाही.


भिंगरी

चित्रकारांसमोर काहीच नव्हतं, असं वर आलंय. त्यात एक भर घालते, कारण मी ती जागा पाहिली आहे.

१४८० च्या सुमारास रोममध्ये त्याच एस्क्विलिन टेकडीच्या बाजूला जमिनीला भोकं पडली आणि खाली खोल्या सापडल्या. तो सम्राट नीरोचा सुवर्णमहाल होता, दोमुस औरेआ. नंतरच्या सम्राटांनी तो मातीने भरून वर इमारती बांधल्या होत्या. त्यामुळे कलाकार आत उतरले ते थेट छताजवळ. दोरीने खाली जायचं, गुडघ्यावर सरपटायचं, हातात मशाल. वर बघितलं की छतावर बारीक बारीक चित्रं. वेलींतून माणसाचं धड निघतंय, त्याला पक्ष्याचे पाय, मधेच दिवा, मधेच मुखवटा, सगळं एका नाजूक काठीवर तोललेलं. पिंतुरिक्क्यो, फिलिप्पिनो लिप्पी, गिर्लांदायो यांच्या पिढीने हे पाहिलं आणि नक्कल करून घेतली. छतांवर काहींनी नावं कोरून ठेवलीत, ती अजून दिसतात.

लोकांना वाटलं या गुहाच आहेत. गुहेला इटालियनमध्ये ग्रोत्ता. म्हणून त्या नक्षीला ग्रोतेस्का हे नाव पडलं. विचित्र, विद्रूप या अर्थाने आज इंग्रजीत जो ग्रोटेस्क शब्द वापरतात, त्याचा जन्म त्या मातीने भरलेल्या खोल्यांत झाला. राफाएल आणि त्याचा सहकारी जोव्हान्नी दा उदिने यांनीही ती छतं अभ्यासली आणि १५१९ पर्यंत व्हॅटिकनच्या सज्जात तीच नक्षी भिंतभर केली.

म्हणजे प्राचीन चित्रं मिळाली, पण मिळाली ती सजावट. महालाची वेलबुट्टी. अपेलीस मिळालाच नाही. नीरजा म्हणते तेच इथेही झालं. जे सापडलं त्यातून नक्षी घेतली, जे सापडलं नाही ते वाचून रंगवलं.

आत आता डोक्यावर हेल्मेट घालून जावं लागतं. बाहेर कडक ऊन असलं तरी आत थंडी आणि ओल. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले.


जुनी_वही

राफाएलचं नाव निघालंच आहे म्हणून. त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला अस्वस्थ करते.

१५१५ मध्ये पोप लिओ दहावा याने राफाएलला एक अधिकारपत्र दिलं. सेंट पीटरचं नवं चर्च बांधायला दगड हवा होता, तो रोमच्या अवशेषांतून काढायचा. रोममध्ये आणि आसपास खोदताना जो दगड निघेल त्याची खबर राफाएलला द्यायची आणि कोरीव लेख असलेला दगड त्याच्या परवानगीशिवाय फोडायचा नाही, फोडला तर दंड. एकाच कागदात दोन्ही गोष्टी, अवशेष वापरा आणि अवशेष जपा.

पुढे १५१९ च्या सुमारास राफाएल आणि त्याचा मित्र कास्तिल्योने यांनी पोपला उद्देशून एक पत्र लिहिलं. त्यात तो कळवळून सांगतो की नवं रोम, हे कितीही भव्य दिसत असलं तरी, जुन्या संगमरवराच्या चुन्याने बांधलंय. पुतळे, खांब, कमानींचे दगड भट्टीत घालून भाजत होते, चुना करायला. नीरजा_स यांनी लिहिलेले तुकडे फक्त रानटी टोळ्यांनी किंवा काळाने केलेले नव्हते. ज्या शहराने लाओकोऑनचं वाजतगाजत स्वागत केलं, त्याच शहराच्या भट्ट्यांत त्याच वर्षी दुसरे पुतळे जळत असणार. राफाएलला हे दिसत होतं. जुन्या रोमचा एकेक भाग मोजून त्याची रेखाटनं करायचं काम त्याने हाती घेतलं आणि एप्रिल १५२० मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. त्याच्याच इच्छेने त्याला पँथिऑनमध्ये पुरलं, रोममधल्या त्या एका वास्तूत जी पूर्ण उभी राहिली होती.


पंचगंगेकाठी

अवांतर आहे, पण सांगावंसं वाटतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास उत्खनन झालं, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्याची छोटी मूर्ती मिळाली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. सातवाहन काळातल्या व्यापारातून आलेली. लहानपणी आजोबांचं बोट धरून ती बघितली होती. इवलीशी, पण एक हात वर, अंगात तोच डौल. रोममध्ये लोक जमीन उकरून जे शोधत होते, त्यातलं एक पंचगंगेच्या काठीही निजलं होतं, हा विचार हा धागा वाचेपर्यंत कधी आला नव्हता.


रानजाई

@पंचगंगेकाठी, पुढच्या कोल्हापूर फेरीत नक्की बघणार.

पाथरवट काका, एक विचारू? हे सगळे पुतळे मुळात रंगवलेले असायचे म्हणे. मग रेनेसाँवाल्यांनी पांढराशुभ्र संगमरवर का धरून ठेवला?


पाथरवट

@रानजाई: रंग धुऊन गेला होता. मातीत, पावसात, आणि सापडल्यावर घासून साफ करताना. जे हातात आलं ते पांढरं. म्हणून यांना वाटलं, पांढरा हाच प्राचीनांचा रंग. ग्रीक-रोमन मूर्तींचे ओठ लाल असत, केस रंगवलेले, कपड्यांना नक्षीचे काठ. आपल्या देवळातल्या मूर्ती डोळ्यांसमोर आणा, त्या लोकांना तेच नैसर्गिक वाटत असणार. गेल्या काही दशकांत विन्चेन्झ ब्रिंकमान या जर्मन अभ्यासकाने उरलेल्या रंगकणांवरून रंगीत प्रती करून दाखवल्या, तेव्हा लोक दचकले.

गंमत बघा, चुकीच्या समजुतीतून डेव्हिड जन्मला. ५.१७ मीटरचा पांढरा देह, ज्यात रंग नाही म्हणून प्रत्येक शीर, प्रत्येक सावली छिन्नीनेच आणावी लागते. ताठ हातासारखीच ही पण रिकामी जागा चुकीची भरली गेली. पण या चुकीतून निघालेलं काम मी परत करून मागणार नाही.


खिडकीपाशी

उशिरा आले, धागा सलग वाचून काढला.

नीरजाताई, तुम्ही मूळ लेखात ‘एका अभ्यासकाला हाताचा तुकडा मिळाला’ असं लिहून पुढे गेलात. त्या माणसाचं नाव इथे असायला हवं. लुडविग पोलाक. प्राग शहरात १८६८ मध्ये जन्मलेला, ज्यू घरातला. रोममध्ये स्थायिक झालेला पुरातत्त्वज्ञ आणि प्राचीन वस्तूंचा व्यापारी, बार्राक्को संग्रहालयाचा संचालक. शिल्प जिथे सापडलं त्या भागाजवळच्या आवारात त्याने तो दुमडलेला हात पाहिला. इतक्या तुटक्या दगडांच्या ढिगात तो लाओकोऑनच्या जातीचा आहे हे त्याला ओळखू आलं. त्याने तो विकला नाही, १९०६ मध्ये व्हॅटिकनला देऊन टाकला. तिथे तो भांडारात पन्नास वर्षं पडून राहिला. दुसऱ्या कुठल्या तरी प्रतीचा असेल, असं मानलं गेलं.

१६ ऑक्टोबर १९४३ ला नाझींनी रोममधल्या ज्यू वस्तीवर धाड घातली. पोलाक, त्याची बायको आणि मुलं, सगळ्यांना धरून ऑशविट्झला नेलं. त्यातलं कुणी परतलं नाही. तो तेव्हा ७५ वर्षांचा होता.

पुढे शिल्पाचे जुने जोडकाम काढून तो हात लावून बघितला. मधला थोडा दगड गेलेला होता, त्यामुळे कडेला कड मिळत नव्हती. पण धडात एक जुनं छिद्र होतं आणि हातातही होतं, दोन्ही एका रेषेत आली. मूळ कारागिराने आतून कांब घालायला पाडलेली.


नीरजा_स

मला नाव माहीत नव्हतं, आणि ते शोधायचा प्रयत्नही मी केला नाही. ऑक्टोबरातच त्या चौकात उभी होते.

मूळ लेख आता संपादित करता येत नाही. संपादकांना विनंती केली आहे. तोपर्यंत वरच्या लेखात जिथे ‘एका अभ्यासकाला’ असं आहे तिथे कृपया लुडविग पोलाक असं वाचावं.